जोडीचा गडी

आमच्या घरीं रात्रीच्या पंगतीला चौदा पानें मांडतात. इतकीं माणसें एकत्र जेवावयास बसलीं म्हणजे मतभेद व्हावयाचेच. राजकारण, नाटक आणि भाजीचे भाव हे आमचे नेहमींचे विषय. टेनिस हा विषय मात्र नवा. तो आणला माझ्या पुतण्यानें. २७ जानेवारी २०२४ रोजीं मेलबर्न येथील ऑस्ट्रेलियन स्पर्धेचा पुरुष-दुहेरीचा अंतिम सामना आम्ही लहानथोर सर्वजण दूरदर्शनच्या संचासमोर बसून पाहत होतों. एका बाजूस आपला रोहन बोपण्णा व ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डन, आणि दुसऱ्या बाजूस सिमोने बोलेली व आंद्रेआ व्हाव्हासोरी हे दोन इटालियन गडी. बोपण्णाचें वय त्या दिवशीं त्रेचाळीस वर्षें दहा महिने. सामना ऐन रंगांत असतां पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही एवढे भारावून जाऊं नका. दुहेरी खेळणारे म्हणजे एकेरींत नापास झालेले विद्यार्थी. गणितांत गति नाहीं म्हणून चित्रकला घेतलेले!"

नापास हा शब्द शाळामास्तराच्या कानाला फार बोचतो. पस्तीस वर्षें मीं मुलांना पास-नापास केलें, आणि मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. तेव्हां ज्याला जग नापास म्हणतें त्याची उत्तरपत्रिका पुन्हां एकदां तपासून पाहावी, ही माझी जुनी खोड. त्या रात्रीपासून मीं बोपण्णाच्या कारकीर्दीची माहिती जमविण्यास आरंभ केला. (वयानें तो माझ्या पुतण्यांच्या बरोबरीचा, म्हणून त्याचा एकेरी उल्लेख करतों. दुहेरीच्या खेळाडूचा एकेरी उल्लेख, हा विनोद वाचकांनीं गोड मानून घ्यावा.)

प्रथम या खेळाविषयीं दोन शब्द, कारण पुष्कळ घरांत तो केवळ चेंडू इकडून तिकडे जातांना पाहण्यापुरताच परिचित आहे. टेनिसचें कोर्ट ७८ फूट लांब असतें. एकेरीसाठीं त्याची रुंदी २७ फूट. दुहेरीच्या वेळीं दोन्ही अंगांस साडेचार-साडेचार फुटांची पट्टी धरून ती ३६ फूट होते. म्हणजे माणसें दुप्पट झालीं, जागा मात्र एकतृतीयांशच वाढली. घरांत माणसें दुणावावीं आणि खोली एखादीच वाढावी, हा अनुभव आपल्यापैकीं पुष्कळांच्या पदरीं आहे. त्यांतून जें जें उद्भवतें तें तें सर्व दुहेरींतहि उद्भवतें. दोघांच्या मधून येणारा चेंडू कोणीं घ्यावयाचा? दोघेहि धांवले तर रॅकेटीवर रॅकेट आपटते, दोघेहि थांबले तर गुण जातो. एक मागें उभा राहून सर्व्हिस करतो, दुसरा जाळीपाशीं वांकून उभा असतो आणि पाठीमागें हात नेऊन बोटांनीं खूण करतो, कीं मी आतां आडवा धांवणार किंवा जागेवरच राहणार. सर्व्हिस अशा ठिकाणीं पडावी लागते कीं, समोरच्याचा परतीचा चेंडू जाळीजवळच्या जोडीदाराच्या आटोक्यांत यावा. मेहनत एकाची, टिपणारा दुसरा, आणि टाळ्या बहुधा टिपणाराला. ज्या स्वयंपाकघरांत एक जाऊ पोळ्या लाटते आणि दुसरी भाजते, तेथें ही विद्या न शिकवितां येते. लाटणारीनें घाई केली तर पोळ्यांची चळत सांचते, भाजणारीनें केली तर तवा रिकामा जळतो.

संस्कृत शिकवितांना मुलांना सर्वांत सोपा वाटणारा समास म्हणजे द्वंद्व. तत्पुरुषांत एक पद मुख्य आणि दुसरें त्याच्या सेवेला. द्वंद्वांत दोन्ही पदें तोलामोलाचीं. आणि मौज अशी कीं, याच शब्दाचा दुसरा अर्थ झुंज असा आहे. टेनिसच्या दुहेरीला याहून चपखल नांव मला सुचत नाहीं.

असो. रोहन बोपण्णाचा जन्म ४ मार्च १९८० रोजीं बंगळूर येथें झाला. घराणें मूळ कूर्गचें. कावेरीच्या उगमाचा हा डोंगराळ मुलूख सेनापति आणि हॉकीपटू यांसाठीं प्रसिद्ध. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापति करिअप्पा हे तेथलेच. रोहनचे वडील कॉफीचे मळेवाले. मुलानें सांघिक खेळापेक्षां एकट्याच्या बळावर खेळावयाचा खेळ घ्यावा, अशी त्यांची इच्छा होती म्हणून अकराव्या वर्षीं त्याच्या हातीं रॅकेट आली. पुढें ज्याचें सारें आयुष्य दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून खेळण्यांत जावयाचें होतें, त्याची सुरुवात अशी झाली! हॉकी व फुटबॉल यांचीहि त्याला गोडी होती, आणि एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारासच टेनिसनें त्या दोहोंना मागें टाकलें. मधल्या काळांत तो पुण्यास येऊन नंदन बाळ यांच्या हाताखालीं शिकला. आपल्या महाराष्ट्राचा या कारकीर्दीशीं पहिला संबंध तो हा.

सहा फुटांहून बरीच अधिक उंची आणि तोफेसारखी सर्व्हिस, ही त्याची शिदोरी. तिच्या जोरावर तो २००३ च्या सुमारास व्यावसायिक झाला; परंतु एकेरींतील त्याचा सर्वोत्तम जागतिक क्रमांक २१३, तो २००७ सालीं. पुतण्याचा सर्व भर या आंकड्यावर आहे. आंकडा खरा आहे. पण २१३ व्या क्रमांकाच्या मनुष्याची स्थिति काय असते, याचाहि विचार करावा. मोठ्या स्पर्धांत त्याला थेट प्रवेश नाहीं. लहान गांवीं, रिकाम्या बांकांसमोर खेळावें, आणि खर्च भागेल इतकी प्राप्ति झाली तर नशीब. अशा वेळीं मनुष्य एकतर खेळ सोडतो, किंवा आपल्या अंगच्या गुणांचा उपयोग कोठें होईल हें ओळखून वाट बदलतो. बोपण्णानें दुसरी गोष्ट केली.

ही वाट कांहीं राजमार्ग नव्हती. दुहेरींत बक्षीस एकेरीच्या मानानें थोडें आणि तेंहि दोघांत वांटावयाचें. शिवाय २००५ सालीं व्यावसायिक टेनिसच्या चालकांनीं असे नियम आखले होते कीं, दुहेरींत मुख्यतः एकेरीच्याच खेळाडूंना वाव मिळावा. तेव्हां दुहेरीच्या गड्यांनीं न्यायालयांत धांव घेतली. पुढें तडजोड झाली व तो बेत मागें पडला. मात्र व्यावसायिक फेऱ्यांतील सामने आटोपशीर केले गेले. गेममध्यें चाळीस-चाळीस अशी बरोबरी झाली कीं पुढच्या एकाच गुणानें निकाल, आणि तिसऱ्या सेटच्या जागीं दहा गुणांचा टायब्रेकर. यामुळें लांबणारी कसोटी तासादीड तासावर आली आणि दैवाचा वांटा वाढला. ज्या धंद्यावर असें गंडांतर नुकतेंच येऊन गेलें होतें, त्यांत हा शिरला. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथें २००८ सालीं एरिक ब्यूटोरॅक याच्यासह त्यानें पहिलें मोठें अजिंक्यपद मिळविलें.

त्याला कीर्ति मिळाली ती मात्र लाहोरच्या ऐसाम-उल-हक कुरेशी याच्या जोडीनें. कुरेशीचे मातामह अखंड हिंदुस्थानांतील नामांकित टेनिसपटू. म्हणजे फाळणीपूर्वींचा धागा या जोडींत आपोआपच होता. लोकांनीं या जोडीला 'इंडो-पाक एक्सप्रेस' असें नांव दिलें. २०१० च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्क येथील अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्याला ही जोडी जाऊन पोंचली, तेव्हां संयुक्त राष्ट्रसंघांतील भारताचे व पाकिस्तानचे प्रतिनिधि प्रेक्षकांत शेजारीं शेजारीं बसले होते. समोर ब्रायन बंधु, जुळे भाऊ, दुहेरीचे सम्राट. दोन्ही सेट टायब्रेकरपर्यंत गेले आणि दोन्ही ब्रायन बंधूंनीं घेतले. सामना संपल्यावर कुरेशीनें आपल्या देशाच्या वतीनें प्रेक्षकांना मैत्रीचे चार शब्द सांगितले. खेळानें राष्ट्राराष्ट्रांतील तंटे मिटतात, असें मानण्याइतका मी भोळा नाहीं. परंतु खूण करणारीं बोटें एका देशाचीं आणि त्या खुणेवर विश्वास ठेवून सर्व्हिस करणारा हात दुसऱ्या देशाचा, हें दृश्य जगानें पाहिलें एवढें खरें.

याच्या पुढच्याच आठवड्यांत चेन्नई येथें डेव्हिस चषकासाठीं भारत व ब्राझील यांची गांठ पडली. पहिले दोन्ही सामने भारतानें गमावले. नंतरचे दोन जिंकले. पांचवा आणि निर्णायक सामना एकेरीचा होता, आणि तो खेळावयास उतरला बोपण्णा. त्यानें रिकार्दो मेलो याला सरळ तीन सेटांत हरवून भारताला विजय मिळवून दिला. हें मीं पुतण्याला सांगितलें तेव्हां त्यानें भाताचा घांस बराच वेळ चघळला.

जोडी जमणें हा एक योग, आणि ती टिकणें हा दुसरा. कुरेशीबरोबर २०११ सालीं पॅरिसची मोठी स्पर्धा जिंकल्यावर लगेच पुढच्या हंगामांत बोपण्णानें महेश भूपतीची जोडी पत्करली. कारण उघड होतें, लंडनचें ऑलिंपिक. तेथें देश एकच असावा लागतो. येथें या कारकीर्दींतील जो भाग मला रुचत नाहीं तोहि सांगितला पाहिजे. लिअँडर पेस याच्याबरोबर खेळण्यास भूपति व बोपण्णा या दोघांनींहि नकार दिला; मोठा गवगवा झाला; अखेर तोडगा म्हणून भारताच्या दोन जोड्या गेल्या आणि दोन्ही दुसऱ्या फेरींत गारद झाल्या. वर्षभर एकत्र घडलेली जोडी ऐन वेळीं मोडूं नये, हें त्यांचें म्हणणें शास्त्रशुद्ध होतें, हें मी नाकारीत नाहीं. पण ज्यानें आयुष्यभर निरनिराळ्या माणसांशीं जुळवून घेण्याचाच धंदा केला, त्यानें देशासाठीं आणखी एकाशीं जुळवून घ्यावयास हवें होतें, असें मला वाटतें. आमच्या घरांत याहि मताला विरोध आहे. चार वर्षांनीं रिओ येथें पेस व बोपण्णा एकत्र उतरले, ते पहिल्याच फेरींत हरले. त्याच ऑलिंपिकांत सानिया मिर्झासह मिश्र दुहेरींत तो चौथा आला. कांस्यपदक एका सामन्यानें हुकलें.

२०१७ च्या जूनमध्यें मात्र पॅरिस येथें फ्रेंच स्पर्धेंत कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्की हिच्यासह त्यानें मिश्र दुहेरीचें अजिंक्यपद मिळविलें, तेंहि पराभवाच्या अगदीं उंबरठ्यावरून परत येऊन. शेवटचा टायब्रेकर १२-१०. भूपति, पेस व सानिया यांच्यानंतर अशा महास्पर्धेचें विजेतेपद मिळविणारा तो चौथा भारतीय. वय सदतीस. पुष्कळांनीं मानलें कीं, आतां हा कळस झाला, पुढें उतरण.

उतरण खरोखरच आली. दोन्ही गुडघ्यांतील कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, झिजून गेली होती. दिवसाला दोन-तीन वेदनाशामक गोळ्या घेऊन तो कोर्टावर उतरे. २०२१ च्या वसंतांत पोर्तुगालमधील एस्तोरिल येथें असतां, पांच महिने एकहि सामना न जिंकलेला हा एकेचाळीस वर्षांचा मनुष्य समुद्राकडे पाहत बसला आणि स्वतःला विचारूं लागला कीं, घरीं पत्नी व लहान मुलगी असतां आपण येथें काय करीत आहों? हें सर्व त्यानेंच पुढें मोकळेपणानें सांगितलें आहे. ज्यांनीं पोटासाठीं परगांवीं नोकऱ्या केल्या, त्यांना हा प्रश्न नवा नाहीं. मीहि एका तालुक्याच्या गांवीं सात वर्षें एकटा राहिलों आहें. संध्याकाळीं नदीवर बसून असलेच हिशेब मांडीत असें.

तो परतला नाहीं. याचें श्रेय तो ज्या गोष्टीला देतो ती आपल्या पुण्याशीं निगडित आहे. २०२० च्या साथींत सर्व खेळ बंद पडले असतां त्यानें बंगळुरास अय्यंगार-पद्धतीचा योग शिकण्यास आरंभ केला होता. बी. के. एस. अय्यंगार हे कर्नाटकांतील बेळ्ळूरचे. १९३७ सालीं पुण्यास आले, तेथेंच स्थायिक झाले, आणि १९७५ सालीं शिवाजीनगरांत त्यांची योगसंस्था उभी राहिली. २०१४ सालीं ते निवर्तले. दोर, पट्टे, लांकडी ठोकळे, खुर्ची यांच्या आधारानें आसन बिनचूक साधावयाचें आणि त्यांत बराच वेळ स्थिर राहावयाचें, ही त्यांची रीति. त्यामुळें दुखऱ्या अवयवाला न दुखवितां भोंवतालच्या स्नायूंना बळकटी येते. बोपण्णा दीड-दीड तास हा अभ्यास करी, आठवड्यांतून कित्येकदां. झिजलेली कूर्चा कांहीं परत आली नाहीं. पण पायांच्या स्नायूंनीं तिचा भार उचलला आणि गोळ्या सुटल्या. शरीराच्या आंतहि दुहेरीच चालते म्हणावयाची.

२०२२ सालीं, बेचाळिसाव्या वर्षीं, डच खेळाडू मॅटवे मिडेलकोप याच्यासह त्यानें फ्रेंच स्पर्धेची उपांत्य फेरी गांठली. त्याच वर्षाच्या आरंभीं पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत रामकुमार रामनाथन याच्या जोडीनें महाराष्ट्र स्पर्धा जिंकली. तीच स्पर्धा त्यानें २०१९ सालीं दिविज शरणबरोबरहि जिंकली होती.

पुढच्या वर्षीं एब्डन भेटला. तो बोपण्णाहून सातआठ वर्षांनीं लहान, चपळ, परतीच्या चेंडूंत वाकबगार. म्हणजे ज्येष्ठाच्या अंगीं जें उणें होतें तें नेमकें त्याच्यापाशीं होतें. बोपण्णानें सर्व्हिसनें दार उघडावें आणि एब्डननें आंत शिरावें. २०२३ च्या मार्चमध्यें कॅलिफोर्नियांतील इंडियन वेल्सची स्पर्धा जिंकून त्रेचाळीस वर्षांचा बोपण्णा त्या मास्टर्स दर्जाच्या स्पर्धांचा सर्वांत वयस्क विजेता ठरला. सप्टेंबरांत तेरा वर्षांनंतर तो पुन्हां न्यूयॉर्कच्या अंतिम सामन्यांत आला. समोर राजीव राम व जो सॅलिसबरी. या सामन्यांतील एक प्रसंग मीं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना पत्रानें कळविला आहे. चेंडू पलीकडे जाण्यापूर्वीं आपल्या हाताला ओझरता लागला, हें बोपण्णानें आपण होऊन पंचांना सांगितलें आणि गुण प्रतिपक्षाला देऊन टाकला. पंचांनीं तें पाहिलें नव्हतें. सामना त्यानें गमावला.

त्याच महिन्याच्या अखेरीस चीनमध्यें हांगचौ येथें आशियाई सामन्यांत पुरुष-दुहेरींत तो लवकर बाद झाला. पण मिश्र दुहेरींत आपल्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले त्याची जोडीदार होती. अंतिम सामन्यांत चिनी तैपेईच्या जोडीनें पहिला सेट ६-२ असा घेतला. दुसरा या दोघांनीं ६-३ असा काढला आणि निर्णायक टायब्रेकर १०-४ नें जिंकून सुवर्णपदक पटकावलें. त्या सामन्यांत ऋतुजाचा पहिल्या सेटमधला खेळ आणि शेवटचा खेळ यांत जें अंतर पडलें, तें पाहण्यासारखें होतें. जोडीदार शांत असला म्हणजे काय होतें, हें समजण्यास तेवढें पुरे.

आतां मेलबर्नच्या त्या रात्रीकडे वळूं. उपांत्यपूर्व फेरी जिंकतांच बोपण्णाचा दुहेरींतील जागतिक प्रथम क्रमांक निश्चित झाला होता. इतक्या वयांत प्रथमच त्या स्थानीं पोंचलेला दुसरा पुरुष नाहीं. आधींचा विक्रम राजीव राम याचा, अडतिसाव्या वर्षींचा. राहिलें होतें तें महास्पर्धेचें पुरुष-दुहेरीचें अजिंक्यपद. त्यासाठीं त्यानें एकूण एकोणीस निरनिराळे जोडीदार घेऊन प्रयत्न केले होते, आणि ही एकसष्टावी खेप होती. पहिल्या सेटचा टायब्रेकर त्यांनीं एकहि गुण न देतां घेतला. दुसऱ्या सेटमध्यें ५-५ अशी बरोबरी असतां इटालियनांची सर्व्हिस फोडली आणि ७-५ नें सामना संपविला. आमच्या घरांत टाळ्यांचा गजर झाला; धाकट्या सुनेनें देवापुढें साखर ठेवली. दोन दिवसांनीं क्रमवारी जाहीर झाली, त्यांत बोपण्णा पहिला आणि एब्डन दुसरा. त्याच सुमारास त्याला पद्मश्रीहि जाहीर झाली.

पुढें या जोडीनें मायामीची स्पर्धा जिंकली. मग वाटा फांटल्या. पॅरिस ऑलिंपिकांत बोपण्णा श्रीराम बालाजीसह पहिल्याच फेरींत हरला आणि भारतातर्फे खेळणें त्यानें थांबविलें. एब्डननें त्याच ऑलिंपिकांत दुसऱ्या जोडीदारासह सुवर्णपदक जिंकलें. या धंद्यांत असें चालतें, आणि त्याबद्दल कोणीं कोणाला दूषण दिल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

१ नोव्हेंबर २०२५ रोजीं, पंचेचाळिसाव्या वर्षीं, त्यानें निवृत्ति जाहीर केली. शेवटचा सामना त्यापूर्वीं कांहीं दिवस पॅरिस येथें कझाकस्तानच्या अलेक्झांडर बुब्लिक याच्यासह झाला. तो निर्णायक टायब्रेकरमध्यें त्यांनीं गमावला. निवृत्तीच्या निवेदनांत त्यानें लिहिलें आहे कीं, लहानपणीं कूर्गमध्यें सर्व्हिसला जोर यावा म्हणून तो लांकडें फोडी, दम वाढावा म्हणून कॉफीच्या मळ्यांतून धांवे आणि भेगा पडलेल्या कोर्टावर खेळे. पुतण्यानें तें निवेदन रात्रीच्या पंगतीला सर्वांना वाचून दाखविलें. २१३ या आंकड्याचा उल्लेख त्या रात्रीं त्यानें केला नाहीं.